१५८ पॉइंट करूनही हरले: बास्केटबॉलमधल्या वेगाचा हिशोब

(एपिसोडमधले माझे "म्हणजे", "ॲक्च्युअली" आणि चहाचे घोट लिहिताना काढलेत. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.)

थेट मॅचवर येतो. २ नोव्हेंबर १९९०. एनबीएचा सीझन नुकताच सुरू होतोय. डेन्व्हर नगेट्स विरुद्ध गोल्डन स्टेट वॉरियर्स, डेन्व्हरच्या घरच्या कोर्टवर. डेन्व्हरने १५८ पॉइंट केले. ओव्हरटाइम नाही काही नाही, सरळ ४८ मिनिटांत १५८. आणि हरले! वॉरियर्सचे झाले १६२. ओव्हरटाइमशिवाय दोन्ही संघांचे मिळून ३२० पॉइंट एनबीएत त्याआधी कधीच झाले नव्हते.

आठ दिवसांनी डेन्व्हरची गाठ फिनिक्स सन्सशी पडली. सन्सने पहिल्या हाफमध्येच १०७ टाकले. पुन्हा सांगतो, हाफमध्ये. मॅच संपली १७३–१४३ वर. सीझनअखेर डेन्व्हरची सरासरी होती मॅचमागे ११९.९ पॉइंट, म्हणजे लीगमध्ये सगळ्यात जास्त. खाल्लेले पॉइंट मॅचमागे १३०.८, तेही लीगमध्ये सगळ्यात जास्त. जिंकले २०, हरले ६२.

आता कुणीही हे आकडे बघून म्हणेल, "ऑफेन्स नंबर एक आणि डिफेन्स सगळ्यात रद्दी." निम्मं बरोबर आहे. डिफेन्स खरंच शेवटच्या नंबरचा होता. पण ऑफेन्स पहिला नव्हता, तो २७ संघांत २१ वा होता. सगळ्यात जास्त पॉइंट करणारा संघ ऑफेन्समध्ये २१ वा कसा? हे एकदा डोक्यात बसलं की "फास्ट खेळणारे डिफेन्स करत नाहीत" या आपल्या लाडक्या वादातली निम्मी हवा निघून जाते.

क्रिकेटवाल्यांना हे पटकन कळेल. मी म्हटलं, एका टीमने २८० केले आणि दुसरीने १८०, कोणाची बॅटिंग भारी? तुम्ही आधी विचाराल, किती ओव्हरमध्ये? ५० ओव्हरचे २८० आणि २० ओव्हरचे १८० यांची तुलना गल्लीतलं पोरगंही करणार नाही. बास्केटबॉलमध्ये मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण घड्याळ सगळ्यांना सारखंच दिसतं. एनबीएत ४८ मिनिटं, फिबाच्या नियमांत ४० मिनिटं. पण बास्केटबॉलमधली "ओव्हर" म्हणजे मिनिट नव्हे. ती आहे पझेशन. बॉल तुमच्याकडे आला तिथपासून तो शॉट, टर्नओव्हर किंवा फ्री थ्रो होऊन समोरच्याकडे जाईपर्यंतचा एक डाव. ४८ मिनिटांत असे किती डाव बसवायचे हे नियमात लिहिलेलं नाही. ते खेळणारे ठरवतात. यालाच पेस म्हणायचं, टेम्पो म्हणायचं, काय आवडेल ते म्हणा.

आणि इथे एक गोष्ट आहे जी मी मी म्हणणारे फॅन विसरतात. पझेशन आळीपाळीने येते. माझी संपली की तुझी. त्यामुळे मॅचच्या शेवटी दोन्ही संघांच्या पझेशन जवळपास सारख्याच असतात, एखाद-दोन इकडे तिकडे. मी धावलो म्हणून मला तुझ्यापेक्षा जास्त चान्स मिळत नाहीत. दोघांनाही मिळतात. हॉलमधला पंखा पाचवर केला की वारा सगळ्यांनाच लागतो.

मग डेन्व्हरचा हिशोब करा. ते ४८ मिनिटांत सरासरी ११४ च्या आसपास पझेशन खेळत होते, बाकीची लीग ९८ च्या आसपास. १२० पॉइंट भागिले ११४ पझेशन, म्हणजे पझेशनमागे साधारण १.०५. लीगची सरासरी होती १.०८. बॉल हातात आल्यावर बाकीचे संघ डेन्व्हरपेक्षा जास्त कमवत होते, डेन्व्हर फक्त जास्त वेळा हात मारत होतं. आणि देत होतं पझेशनमागे १.१५. हा डिफेन्स कुठल्याही वेगात वाईटच.

पझेशन मोजायचं सूत्र पाठ करायची गरज नाही, पण एकदा ऐकून ठेवा, कॉलेजच्या मॅचलाही वापरता येतं. मारलेले शॉट, अधिक फ्री थ्रो गुणिले ०.४४, वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड, अधिक टर्नओव्हर. ०.४४ कुठून आलं? प्रत्येक फ्री थ्रोने पझेशन संपत नाही. दोनातला पहिला फ्री थ्रो असतो, बास्केट होऊन वर मिळालेला एक असतो, तीन पॉइंटच्या शॉटवर फाउल झाला की तीन मिळतात. या सगळ्याची सरासरी काढून तो आकडा बसवलाय. ऑफेन्सिव्ह रिबाउंड वजा करतो, कारण बॉल परत आपल्यालाच मिळाला तर ती जुनीच पझेशन पुढे चालू राहते. समजा तुमच्या संघाने ६० शॉट मारले, २० फ्री थ्रो घेतले, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड काढले आणि १४ वेळा बॉल घालवला. ६० अधिक ८.८, वजा १०, अधिक १४. झाल्या ७३ पझेशन. पॉइंट ७३ झाले असतील तर पझेशनमागे बरोबर एक. नागपाड्यापासून डेक्कन जिमखान्यापर्यंत आपल्याकडे मॅच फिबाच्या नियमांनी होतात, ४० मिनिटांच्या. त्यामुळे टीव्हीवर एनबीएचे १२० बघून आपल्या ७३ ची लाज वाटून घेऊ नका. तिथे आठ मिनिटं जास्त आहेत आणि वेगही जास्त आहे.

आता हा वेग एवढा महत्त्वाचा, तर पूर्वी काय करायचे? पूर्वी शॉट क्लॉकच नव्हतं. २२ नोव्हेंबर १९५० ला फोर्ट वेन पिस्टन्स मिनिआपोलिस लेकर्सकडे खेळायला गेले. लेकर्सकडे जॉर्ज मायकन, त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू. पिस्टन्सने ठरवलं की मायकनशी कुस्ती खेळायचीच नाही, बॉल हातात धरून उभं राहायचं. निकाल, पिस्टन्स १९, लेकर्स १८. लेकर्सच्या १८ पैकी १५ मायकनचे. पब्लिकने पैसे देऊन पाच माणसं बॉल घेऊन उभी असलेली पाहिली. हा निकाल आत्ता लक्षात ठेवा, कमजोर संघ वेग का मारतो त्याचं उत्तर यातच आहे. नंतर येतो तिकडे.

यावर उपाय आला १९५४ मध्ये. सिराक्यूज नॅशनल्सचे मालक डॅनी बियासोन यांनी साधा भागाकार केला. चांगल्या, बघण्यासारख्या मॅचमध्ये दोन्ही संघांचे मिळून साधारण १२० शॉट होतात. ४८ मिनिटं म्हणजे २८८० सेकंद. २८८० भागिले १२० म्हणजे २४. तेच २४ सेकंद आजपर्यंत चाललेत. पहिल्याच सीझनमध्ये संघांची सरासरी ७९.५ वरून ९३.१ वर गेली, आणि तो सीझन जिंकला कोणी? सिराक्यूजनेच. (स्पेसिफिकेशन लिहिणाऱ्यानेच टेस्ट पास केली, आमच्या धंद्यात याला वेगळं नाव आहे.)

परत डेन्व्हरकडे. त्यांचे कोच होते पॉल वेस्टहेड, आणि हा माणूस वेडा नव्हता. १९८० मध्ये लेकर्सचा कोच म्हणून त्यांनी एनबीए जिंकलेली. नंतर लॉयोला मेरीमाउंट या कॉलेजात त्यांनी अशी टीम घडवली जिने १९८९–९० मध्ये मॅचमागे १२२.४ पॉइंट केले, तेही ४० मिनिटांच्या मॅचमध्ये. त्यांची सिस्टीम अशी की बॉल मिळाला की पळा, काही सेकंदांत शॉट मारा. समोरच्याकडे बॉल गेला की पूर्ण कोर्टभर प्रेस करा. प्रेस फुटला आणि त्यांना सोपी बास्केट मिळाली? मिळू दे. बॉल लवकर परत आपल्याकडे आला ना! समोरचा दमेपर्यंत हेच करत राहायचं. वर डेन्व्हर शहर जवळपास कळसूबाईच्या शिखराइतक्या उंचीवर, तिथे पाहुण्यांचा श्वास आधीच फुललेला. कागदावर प्लॅन झकास.

एनबीएत फसला कारण सोपी बास्केट "मिळू दे" म्हणायची किंमत तिथे वेगळी आहे. कॉलेजमधला गार्ड प्रेसमध्ये गांगरतो, बॉल घालवतो. एनबीएतला गार्ड दोन पासमध्ये प्रेस फोडतो आणि पुढे रिंगखाली तीन जण विरुद्ध एक अशी जत्रा भरते. जो जुगार कॉलेजमध्ये फायद्यात होता तोच इथे प्रत्येक हाताला थोडा थोडा तोट्यात. आणि वेगाने नेमकं काय केलं? तो तोटा ११४ वेळा करायला लावला. वेस्टहेड यांनी पुढे २००७ मध्ये फिनिक्स मर्क्युरीसोबत महिलांची डब्ल्यूएनबीए जिंकली, पळापळीचाच खेळ खेळून. तिथे डायना टॉरासी, कॅपी पाँडेक्स्टर, पेनी टेलर होत्या. पझेशनमागचा हिशोब प्लसमध्ये होता, वेगाने तो प्लस मोठा केला. सिस्टीम एकच, चिन्ह बदललं.

आता प्रश्न असा, की वेगाचा काम फक्त गुणाकार करणं एवढंच आहे का? नाही. प्रत्येक पझेशनची किंमतही तो बदलतो, आणि खरी मजा तिथे आहे.

आधी ऑफेन्स. डिफेन्स म्हणजे पाच माणसं आपापल्या जागी, आपापल्या माणसासमोर, तोंड बॉलकडे, मध्ये उंच माणूस रिंगची राखण करतोय. हे सगळं जमायला वेळ लागतो. शॉट चुकला, रिबाउंड आला आणि तुम्ही पाच-सहा सेकंदांत पलीकडे पोचलात तर समोर असतो मोडका डिफेन्स. सेंटर अजून मागून येतोय, गार्ड कोणाला तरी उंच माणसाला धरून बसलाय, कॉर्नरमध्ये कोणीच नाही. अशा वेळचा शॉट चांगलाच पडतो. शॉट क्लॉक जसजसं शून्याकडे येतं तसतशी शॉटची किंमत उतरत जाते, शेवटच्या तीन-चार सेकंदांत तर माणूस मिळेल तो शॉट फेकतो.

पण इथे थांबा, नाहीतर चुकीचा धडा घ्याल. लवकरचे शॉट जास्त पडतात, म्हणून लवकर मारलेला प्रत्येक शॉट चांगला, असं नाही. त्या लवकरच्या शॉटमध्ये बॉल चोरून एकट्याने जाऊन टाकलेले लेअप मोजलेले असतात. ते पडणारच! समोर डिफेन्स जागेवर बसलाय आणि तुम्ही पाचव्या सेकंदाला दोघांच्या हातावरून लांबून फेकला, तर तो शॉट लवकरचा आहे पण फालतू आहे. कॉलेजमध्ये कोच बाजूने "पळा, पळा" ओरडतात तेव्हा पोरं नेमकं हेच करतात. पळायचं असतं ते बघायला, की पलीकडे डिफेन्स मोडलाय का. मोडला नसेल तर थांबायचं.

आणि पळायला मिळतं कधी? समोरच्याने बास्केट केली तर बॉल जाळीतून काढा, लाइनबाहेर जाऊन आत द्या, तोपर्यंत सगळे परत आलेले. खरा फास्ट ब्रेक निघतो चुकलेल्या शॉटच्या रिबाउंडमधून किंवा चोरलेल्या बॉलमधून. म्हणजे तुमचा डिफेन्स चांगला असेल तरच तुमच्या ऑफेन्सला पळता येतं. ऑफेन्सचं इंधन डिफेन्स भरतो. "फास्ट म्हणजे डिफेन्स नाही" म्हणणाऱ्यांना हे सांगून बघा.

उलटी बाजूही तशीच. माझा ऑफेन्स कसा संपतो त्यावर माझा डिफेन्स कसा सुरू होतो हे ठरतं. माझी बास्केट पडली तर मला परत जाऊन उभं राहायला वेळ मिळतो. मी ड्रिबल करताना बॉल घालवला तर समोरचा सुटलाच. माझे तीन जण ऑफेन्सिव्ह रिबाउंडसाठी रिंगखाली घुसले आणि रिबाउंड नाही मिळाला तर मागे दोघंच उरतात. म्हणून कोचला प्रत्येक शॉटच्या वेळी ठरवावं लागतं, किती जण रिबाउंडला पाठवायचे आणि किती जण आधीच मागे पळवायचे. अनेक वर्षं एनबीएतल्या बऱ्याच संघांनी जवळजवळ सगळेच मागे पळवले, दुसरा चान्स सोडून दिला, पण फास्ट ब्रेक नको म्हणाले. यात कुठलंच उत्तर फुकट नाही.

आणखी एक गंमत. पेस हा एक आकडा दिसतो, पण तो दोन गोष्टींची बेरीज आहे. मी बॉल किती वेळ ठेवतो, आणि माझ्यासमोर तुला शॉट काढायला किती वेळ लागतो. माझा डिफेन्स कडक असेल तर तुला पहिल्या दहा सेकंदांत काही मिळणार नाही, तू बॉल फिरवत राहशील, वीस सेकंद जातील. मॅच सावकाश झाली, आणि लोक म्हणणार "हा संघ स्लो खेळतो". अरे, तो नाही स्लो खेळत, तो तुला स्लो करतोय! फक्त पेसच्या टेबलवरून कोच ओळखू नका.

हे सगळं घेऊन आता २००४–०५ च्या फिनिक्स सन्सकडे या, कारण आपला वाद मुळात त्यांच्यामुळेच चालू झाला. आदल्या वर्षी हेच सन्स २९ जिंकले, ५३ हरले होते. मग डॅलसहून स्टीव्ह नॅश आला, कोच माइक डँटोनी यांनी अमारे स्टूडमायरला सेंटरला खेळवलं, शॉन मॅरियनला उंच फॉरवर्ड केलं आणि सगळ्यांना पळवलं. शॉट क्लॉकचे सात सेकंद जायच्या आत शॉट शोधायचा, त्यावरून त्यांना "सेव्हन सेकंड्स ऑर लेस" नावच पडलं. जिंकले ६२, हरले २०. नॅश एमव्हीपी. ऑफेन्स पझेशनमागेही नंबर एक होता, डेन्व्हरसारखा फुगलेला नाही.

आणि डिफेन्स? सन्सनी मॅचमागे १०३.३ पॉइंट खाल्ले, ३० संघांत सगळ्यात जास्त. बस, शिक्का बसला, "डिफेन्स नाही". पझेशनमागे काढलं तर तो डिफेन्स १७ वा होता. म्हणजे भारी नव्हे, पण मधला. वर्गात १७ वा आलेल्या पोराला कोणी नापास म्हणतं का? ते फायनलच्या आधी सॅन अँटोनिओ स्पर्सकडून ४–१ ने हरले आणि लोक म्हणाले, बघा, पळणाऱ्यांना कप मिळत नाही. पण त्या सिरीजची पहिली मॅच बघा, स्पर्स १२१, सन्स ११४. त्या सीझनचा सगळ्यात कडक डिफेन्स असलेल्या संघाने सन्सच्याच वेगात, सन्सच्याच कोर्टवर १२१ केले. माझ्या मते सन्स वेगामुळे नाही हरले. समोरचा संघ दोन्ही टोकांना जास्त चांगला होता आणि त्याला कुठल्याही वेगात खेळता येत होतं.

हा शिक्का पुसायला दहा वर्षं लागली. २०१४–१५ चे गोल्डन स्टेट वॉरियर्स. कोच स्टीव्ह कर, जे सन्समध्ये जनरल मॅनेजर राहिलेले. त्यांचे मुख्य सहायक ॲल्विन जेन्ट्री, जे फिनिक्समध्ये डँटोनींचे सहायक होते. हा संघ पेसमध्ये लीगमध्ये पहिला. आणि डिफेन्समध्ये? पझेशनमागे तोही पहिला. मॅचमागे खाल्लेल्या पॉइंटच्या यादीत मात्र हाच संघ १५ वा दिसतो, ९९.९ पॉइंट. लीगचा सगळ्यात चांगला डिफेन्स, आणि साध्या यादीत तो मधल्या बाकावर बसलाय. त्यांनी ६७ जिंकल्या आणि कपही घेतला.

त्याच वर्षीची फायनल मात्र वेगावरून झालेली भांडाभांडी म्हणून बघण्यासारखी आहे. समोर क्लीव्हलंड कॅव्हलिअर्स. केव्हिन लव्ह आधीच जखमी, कायरी अर्व्हिंग पहिल्या मॅचमध्ये गेला. उरला लेब्रॉन जेम्स आणि राबणारी चार माणसं. पळापळीत वॉरियर्ससमोर टिकणं शक्यच नव्हतं. मग त्यांनी मॅचचा गळाच धरला. लेब्रॉन बॉल आणणार, घड्याळ खाणार, शेवटी घुसणार. चुकला तर उंच माणसं रिबाउंडला. दुसरी मॅच त्यांनी ओव्हरटाइममध्ये ९५–९३ अशी जिंकली, तिसरी ९६–९१. सिरीज २–१. सगळ्यात फास्ट संघ नव्वदीत अडकलेला.

चौथ्या मॅचला कर यांनी सेंटर अँड्र्यू बोगटला बसवलं आणि आंद्रे इग्वोडालाला पहिल्या पाचात घेतलं. ही आयडिया व्हिडिओ बघत बसलेल्या निक यू'रेन या तरुण सहायकाची. उंची गेली, पण पाचही जण पळणारे, पास देणारे, कोणालाही अडवणारे झाले. १०३–८२. पुढच्या दोन्ही मॅच वॉरियर्सच्या, इग्वोडाला फायनलचा एमव्हीपी. लेब्रॉन त्या सिरीजमध्ये मॅचमागे जवळपास ४६ मिनिटं खेळला. वेग वाढला की असा माणूस आधी पायाने संपतो, मग शॉटने.

पण क्लीव्हलंडने वेग मारला ते बरोबरच केलं. फोर्ट वेनने १९५० मध्ये केलं तेच. कारण कॅरमवर सांगतो. समजा तुम्ही माझ्यापेक्षा चांगले आहात, दर गेम ६० टक्के वेळा तुम्ही जिंकता. एकच गेम खेळलो तर मला ४० टक्के चान्स. तीनातले दोन ठरवले तर माझा चान्स ३५ वर येतो. पाचातले तीन, तर ३२. जितके डाव जास्त, तितका नशिबाचा वाटा कमी आणि चांगला माणूस वर. बास्केटबॉलमध्ये पझेशन म्हणजे डाव. कमजोर संघाला डाव कमी हवेत, तगड्याला जास्त. आपल्याकडे स्पर्धेत दुबळा संघ उत्साहाच्या भरात पळापळी करतो आणि ४० ने हरतो, ते बघवत नाही.

आणि तगडाच संघ मुद्दाम सावकाश खेळला तर? व्हर्जिनिया विद्यापीठाचं उदाहरण आहे. कोच टोनी बेनेट. २०१८ च्या कॉलेज स्पर्धेत ते अख्ख्या मानांकनात पहिले. समोर यूएमबीसी, १६ वं मानांकन. पुरुषांच्या स्पर्धेत १६ व्याने पहिल्याला कधीच हरवलं नव्हतं, १३५ वेळा प्रयत्न करून. हाफटाइमला स्कोअर २१–२१. मॅच संपली यूएमबीसी ७४, व्हर्जिनिया ५४. आता २० ने हरणं हे काही नुसतं नशीब नव्हे, त्या दिवशी त्यांना धू धू धुतलं. पण सावकाश खेळाची दुसरी अडचण तिथे दिसली. मागे पडल्यावर परत यायला डावच उरत नाहीत, आणि ज्या संघाची सवयच थांबायची, त्याला अचानक पळता येत नाही.

सगळे म्हणाले, आता बेनेट बदला. बेनेट बदलले नाहीत. पुढच्या वर्षी व्हर्जिनिया डिव्हिजन वनच्या ३५३ संघांत सगळ्यात सावकाश होता. शेवटून पहिला. आणि ८ एप्रिल २०१९ ला टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५–७७ हरवून तोच चॅम्पियन झाला. त्यांच्या मॅचचे स्कोअर बघून लोक म्हणायचे ऑफेन्स बोअर आहे, पण पझेशनमागे तो देशातल्या सगळ्यात चांगल्या ऑफेन्समध्ये मोजला जात होता. डेन्व्हरचा बरोबर उलटा आरसा.

आणि हो, डँटोनींचं पुढे काय झालं? २०१८–१९ मध्ये ते ह्यूस्टन रॉकेट्सचे कोच होते. सात सेकंदवाला माणूस, आणि त्याचा संघ लीगमधल्या सगळ्यात सावकाश संघांपैकी एक. कारण त्यांच्याकडे जेम्स हार्डन होता. हार्डन बॉल घेऊन उभा राहायचा, समोरच्याला नाचवायचा, मग शॉट नाहीतर फाउल. मॅचमागे ३६.१ पॉइंट. ऑफेन्स लीगमध्ये दुसरा. नॅशसोबत पळणं स्वस्त पडत होतं, हार्डनसोबत थांबणं. डँटोनींनी हातात जो माणूस होता त्याच्याकडे बघून वेग ठरवला, स्वतःच्या नावाला चिकटलेल्या शिक्क्याकडे बघून नाही. मला तर हे सात सेकंदांपेक्षा भारी वाटतं.

पुढची मॅच बघताना मोबाईलचं स्टॉपवॉच काढा. एक क्वार्टर पुरे. आपला संघ शॉटला किती सेकंद घेतो ते एका बाजूला लिहा, आणि आपल्यासमोर विरोधी संघ किती घेतो ते दुसऱ्या बाजूला. दोन आकड्यांत फरक आला तर कुठला संघ पळतोय आणि कुठला पळवला जातोय ते दिसेल. पुढच्या एपिसोडमध्ये १४ सेकंदांचा रीसेट घेऊ, म्हणजे ऑफेन्सिव्ह रिबाउंडनंतर २४ ऐवजी १४ च का मिळतात ते. भेटूच.